यंदाची वारी वाडीतच झाली

(निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यातील आपल्या वाडीत विद्यार्थ्यांनी सात दिवस सेवा केली. त्या सेवेच्या समारोपाला, १४ जून २०२० रोजी, विठ्ठल मंदिराच्या अंगणात दिंडीतील कीर्तनकारांनी केलेले भाषण.)



पोरांनो, पोरींनो, तोंडाला फडकी बांधून लांब लांब बसलायत. कोण कुठला ते ओळखू येत नाय. पण हातावरचे फोड दिसतात, तेवढी ओळख पुरे.

काल आळंदीहून माऊलींचं प्रस्थान झालं, मोजक्याच माणसांत. परवा देहूहून तुकोबारायांचं. यंदा पायी वारी नाय. माझ्या खांद्यावरची पताका भिंतीला टेकून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

३ जूनला दुपारी वारा सुटला तेव्हा मी पडवीत होतो. २००९ सालचं फयान मी पाहिलंय, पण हा वारा वेगळा. कौलं पत्त्यासारखी उडत होती. माडांनी थोडा तरी जोर धरला, पोफळी मात्र मधोमध कडाकडा मोडल्या. उंच झाड, बारीक खोड, वर सगळा भार, ती काय टिकणार? दोन-तीन तासांत बापजाद्यांचं आगर आडवं. ५ तारखेला वटपौर्णिमा. वडही पडलेला. बायांनी त्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं.

वर मृग तोंडावर. घरात धान्य, भाताचं बी, म्हातारी माणसं, आणि डोक्यावर आभाळ. वीज नाय, फोन नाय. अशात ८ तारखेला तुम्ही एकवीस जण कोयती, करवत घेऊन उभे राहिलात.

आता जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्यातले निम्मे मे महिन्यात मुंबईहून आलात. गावाने तुम्हाला चौदा दिवस शाळेत ठेवलं. ते बरोबरच होतं, रोग मोठा आहे. पण चौदा दिवस भरल्यावरही "देवळाकडे फिरकू नका" असं म्हणणारा मी होतो. चाळीस वर्षं कीर्तनात सांगत आलो की, देवाच्या दारी कोण लांबचा नाय. आणि दारात उभी राहिलेली आपलीच पोरं मी परत पाठवली.

तीच पोरं दुसऱ्या दिवशी माझ्या घरावर चढली. पावसाची सर आली तरी खाली उतरली नाहीत. रिपा ठोकल्या, ताडपत्री ओढली, फुटक्या कौलांतून धड कौलं निवडून लावली. एक पोरगी वरून म्हणाली, "आजोबा, भाताची कणगी आत सरकवा, तिथे अजून गळतंय." मला मान वर करून तिच्याकडे बघवेना. पोरांनो, माझं चुकलं. वयाने मोठा आहे म्हणून चूक लहान होत नाय.

तुम्ही क्रमही चांगला लावलात. आधी एकट्या बायांची आणि म्हाताऱ्यांची घरं, मग वाट, मग विहीर, आणि आगर शेवटी. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणालात, कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असते, तिचं सात दिवसांचं शिबिर असतं. गांधीजींच्या शताब्दी वर्षात, १९६९ ला ती सुरू झाली म्हणे. मी चौथी शिकलेला, मला ते ठाऊक नव्हतं. पण गाडगेबाबा ठाऊक आहेत. दिवसा गावात खराटा, रात्री कीर्तन. आधी खराटा, हे आमच्यासारखे विसरतात.

आता दिंडीचं. वारीच्या अन्नदानासाठी जमवलेल्या तांदळातून हे सात दिवस चूल पेटली. काही जुन्या वारकऱ्यांनी विचारलं, पंढरीच्या वाटेचा शिधा इथे कसा मोडला? त्यांचा प्रश्न भक्तीतूनच आला, त्यांच्यावर राग नाय. पण तांदूळ चालणाऱ्याच्या पोटासाठी होता. यंदा चालले ते हेच. शिधा योग्य पानावर वाढला, असं मला वाटतं. उरलेलाही ज्यांच्या घरात धान्य भिजलं त्यांना द्यावा, हे मी दिंडीपुढे मांडतो.

शेवटचं. आज सप्ताह संपला, काम संपलं नाय. सरकारी मदत हेक्टरावर मोजतात, आणि आमचं आगर गुंठ्यात. तेव्हा झाडं आपणच लावायची. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाय, म्हणून आधी सावलीला केळी लावायच्या. उन्हाळ्यात पाणी चुकवायचं नाय. मी साठीच्या पुढचा, ती सुपारी माझ्या हाताला लागेल की नाय, विठ्ठलाला माहीत. तरी लावणार.

तुम्ही कॉलेजं उघडली की जाल. जा, शिका. पण मे महिन्यात गावी आलात की आंबे खायच्या आधी एकेका रोपाला एकेक कळशी पाणी घाला. एवढंच मागतो.

आणि आता उठा. देवळाचं दार उघडं आहे. अंतर ठेवून, एकेक जण, आधी तुम्ही आत जा. आम्ही म्हातारे मागून येतो.

रामकृष्ण हरी!