सराव की मनःस्थैर्य?

फुटबॉलमधील पेनल्टी गोलरेषेपासून अवघ्या १२ यार्डांवरून मारावयाची असते. तिला सराव अधिक हवा की मनःस्थैर्य? १९७६ साली बेलग्रेड येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या पानेंकाने निर्णायक चेंडू अलगद मधोमध उचलून टाकला; पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक मायर आधीच एका बाजूस झेपावला होता. पाहणारे त्याच्या धैर्याने थक्क झाले. परंतु पानेंका आपल्या क्लबातील गोलरक्षकाशी पैजा लावून हाच फटका दीर्घकाळ घोटवीत आला होता, हे आपण विसरतो. पैज हरण्याची धास्ती पुनःपुन्हा सोसलेले मन त्या रात्री डळमळले नाही. मनःस्थैर्य ही सरावाहून निराळी अशी दैवी देणगी नव्हे. कसोटी लावून केलेल्या सरावाचेच ते फळ होय, असे आम्हांस वाटते.