कोरोना बॅचचा हिशेब
(युवक शिबिरात केलेले भाषण)



मी मॅट्रिक पास. गोदीत माल उचलतो. कॉलेज बाहेरून पाहिलेलं. तरी कॉलेजच्या प्रवेशावर बोलायला मला उभं केलंत ते बरं केलंत. दरवाजा किती जाड आहे ते आत बसलेल्याला कळत नाही, बाहेरून धक्के मारणाऱ्याला कळतं.

साथ सगळ्यांना सारखी, असं २०२० साली आपल्याला रोज ऐकवलं जात होतं. साफ खोटं! १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबईत शिरला तो गोदीच्या वाटेनं. जूनमध्ये पहिल्यांदा तापानं आडवे झाले ते पोलीस शिपाई, आणि त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. त्या साली या शहरात सरकारनं मेलेल्यांचा जातवार हिशेब मांडला. ज्यांना कागदावर खालच्या जातीचे हिंदू म्हटलं त्यांच्यात हजारी ६१.६ मेले. युरोपियनांत हजारी ८.३. जंतूला जात कळत नाही, कबूल. पण खोलीला कळते, नळाला कळते, दवाखान्याच्या दाराला कळते.

शंभर वर्षांनी पुन्हा साथ आली आणि या वेळी दाराच्या रांगेत आपली पोरं होती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि साहेब म्हणाले, ऑनलाईन शिका. कशावर शिका? सरकारच्याच २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी २४ घरांत इंटरनेट होतं, खेड्यात १५ सुद्धा नाही. कॉम्प्युटर शंभरात जेमतेम अकरा घरांत. म्हणजे हुकूम काढणाऱ्याला आकडा माहीत होता. माहीत असून हुकूम काढला. याला अडचण म्हणत नाहीत, याला वगळणं म्हणतात.

मग २०२१. दहावीची परीक्षाच रद्द. नववीच्या निकालावर ५० गुण, दहावीच्या वर्षातल्या लेखी कामावर ३०, तोंडी-प्रात्यक्षिकावर २०. सोळा जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के. लगेच पांढरपेशांच्या पोटात कळ आली. "ही कोरोना बॅच! यांची गुणवत्ता काय?"

माझं म्हणणं नीट ऐका. ही खैरात आपल्याला मिळाली, असं जे म्हणतात ते अर्धं सुद्धा समजलेले नाहीत. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं, बैठक क्रमांक असतो. आपल्या पोराच्या आयुष्यात जातीचा वास न घेता तपासला जाणारा तो पहिला कागद. तोच काढून घेतला. उरले ते शाळेच्या हातातले गुण, आणि त्या हाताला आडनाव पाठ असतं. नववीत जो पोरगा बापासोबत नाक्यावर उभा राहत होता आणि दहावीच्या शेवटच्या तीन महिन्यांत दिवा जाळून भरून काढणार होता, त्याचे तीन महिने कुणी मोजले?

अकरावीसाठी सीईटी काढली. २८ मे २०२१ चा आदेश. जो सीईटी देईल त्याला आधी जागा, न देणाऱ्याला उरलीसुरली. ऐच्छिक म्हणे! म्हणजे ज्यांच्या घरी फोन आणि क्लासची फी होती त्यांचंच फावणार होतं. मुंबई हायकोर्टानं १० ऑगस्टला तो आदेश रद्द केला, चांगलं केलं. पण परीक्षा असो वा नसो, प्रश्न तोच उरतो. जागा किती, आणि पैसा कुणाकडे?

त्याआधीच्या साली काय झालं? ९ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. अकरावीची एक यादी लागली होती, दुसरी दुसऱ्याच दिवशी लागायची होती. सरकारनं सगळीच प्रक्रिया गुंडाळून ठेवली, अडीच महिने. गरीब मराठ्याच्या पोराशी माझं भांडण नाही, तोही रांगेतच होता. भांडण आहे ते रांग थांबवून घरी जाणाऱ्यांशी. ज्याच्या घरात धान्य आहे तो अडीच महिने वाट बघतो. आपला पोरगा कामाला लागतो. आणि एकदा मजुरी घरात आली की ती मजुरी घराला लागते. मग यादीत नाव येतं, पोरगा येत नाही. त्याला रजिस्टरात 'प्रवेश घेतला नाही' असं लिहितात. जसं काही त्याला नकोच होता!

आता पैशाचं. तीन वर्षं, २०१७-१८ ते २०१९-२०, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर केंद्र सरकार वर्षाला सरासरी अकराशे कोटी देत होतं. देशभरच्या पोरांसाठी! बाकीचा बोजा राज्यांवर. २३ डिसेंबर २०२० ला पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर झाली, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. पोरांच्या आणि संघटनांच्या आरडाओरड्याशिवाय हे झालेलं नाही, हे विसरू नका. पुढच्या नियमांत लिहिलंय की फ्रीशिप कार्ड असलेल्या पोराकडून आगाऊ फी मागायची नाही.

लिहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीकडून २०२१ साली विनाअनुदानित तुकडीसाठी पूर्ण फी मागितली. "शिष्यवृत्ती आली की परत घ्या." आईनं डोरलं मोडलं. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण घेतलं तर ते एकट्याचं पाप वाटेल.

बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण १९१७ साली मध्येच तुटलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. साथीच्या १९१८ सालात ते इथे मुंबईत होते, नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात शिकवायला लागले. १९२० ला पुन्हा बोटीत बसले आणि १९२३ ला डी.एस्सी. घेतली. तुटलेलं शिक्षण जोडता येतं. फक्त जोडायला पैसा, जागा आणि जिद्द लागते. जिद्द आपली आहे, बाकीचं हिसकावून घ्यायचं आहे.

म्हणून काम सांगतो, टाळ्या नकोत. प्रत्येकानं आपल्या वस्तीत घरोघर जा. २०२० आणि २०२१ ला दहावी-बारावी झालेल्यांची यादी करा. कोण शिकतंय, कोण गॅरेजात, कोणाचं लग्न उरकलं. ते आज विशी ओलांडून बसलेत, मेलेले नाहीत. ज्याला बारावी करायची त्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा. ज्याला पुढं शिकायचंय त्याला मुक्त विद्यापीठाच्या दारात नेऊन उभा करा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला जूनची वाट न बघता आत्ताच काढा. आणि कुणी आगाऊ फी मागितली तर लेखी मागा, पावती मागा, एकट्यानं जाऊ नका, दहाजण जा.

ते म्हणतात कोरोना बॅच. म्हणू द्या. या बॅचनं वर्गाशिवाय अभ्यास केला, पगाराशिवाय घर चालवलं, बापाला खांदा दिला आणि तरी फॉर्म भरला. याहून मोठी परीक्षा कोणत्या बोर्डानं घेतलीय?

जय भीम!