नेम धरणारे हात



आज मी आपणांसमोर नेमबाजीविषयी चार शब्द बोलणार आहे. ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत कोल्हापूरचे श्री. स्वरूप उन्हाळकर दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत २०३.९ गुण मिळवून चौथे आले. पोलिओने अधू झालेल्या पायांचा हा नेमबाज. पदक एका पायरीने हुकले, म्हणून आपल्याकडे फारशा कुणाला त्यांचे नाव ठाऊक नाही. जगात चौथा म्हणजे काय, याचा जरा विचार करा!

या लक्ष्याच्या मध्यावरचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. प्राथमिक फेरीत असे साठ नेम धरायचे. श्वास रोखायचा, छातीची धडधड आवरायची आणि मगच चाप ओढायचा. यात पायांचे काम थोडेच! प्रकाराचे नाव ‘उभे राहून’ असे असले तरी पायांनी अधू खेळाडूला बसून खेळता येते. मात्र कोपर कशावरही टेकायचे नाही. ज्यांच्या हातांना रायफलचा भार पेलत नाही, त्यांच्यासाठी वेगळा गट असून त्यात स्प्रिंगचा आधार मिळतो.

त्याच दिवशी जयपूरच्या अवनी लेखरा हिने सुवर्णपदक जिंकले. २०१२ साली, अकराव्या वर्षी, मोटार अपघातात तिचे पाय गेले. तिला रेंजवर नेले ते तिच्या वडिलांनी. पालकांनो, हे मी मुद्दाम सांगतो.

रायफल महाग, सराव शहरात; तेव्हा प्रत्येक मुलाने नेमबाज व्हावे, असे माझे म्हणणे नाही. पण अधू मूल, त्यातही मुलगी असली, की ‘नशीब तिचे’ म्हणून घरात बसवायचे, हे मला पटत नाही. शासन दिव्यांग म्हणते आणि आपण मात्र लंगडा, पांगळा म्हणूनच हाक मारतो. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम अंध होते. तरी पैगंबर साहेबांनी त्यांना अजान देण्याचे काम दिले, आणि स्वतः बाहेरगावी असताना मदिनेची जबाबदारीही सोपवली. नशीब म्हणून त्यांना कुणी कोपऱ्यात बसवले नाही.

२०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा आणि सरकारी नोकरीत किमान चार टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी अपंगत्वाचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी मूल घराबाहेर काढायला हवे.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. घरी असे मूल असेल तर त्याला बरोबर घेऊनच शाळेत या. जिना चढता येत नसेल तर तसे आधी कळवा. त्याचा वर्ग खालच्या मजल्यावर भरवू.