बाळ काचेत, आई बाहेर

सांताक्रूझच्या वसंत व्याख्यानमालेत त्या संध्याकाळी विषय छापला होता ‘गर्भवती, बाळ-बाळंतीण आणि परिचर्या’. वक्त्या निवृत्त परिचारिका. गर्भवती त्यांनी पाच मिनिटांत उरकली. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्तदाब... “हे तुम्हाला पाठ आहे, नसेल तर सुनेला विचारा.” पुढचा सगळा वेळ एकाच हट्टाचा होता: कमी वजनाच्या बाळाची पहिली नर्स त्याची आईच, आणि बाळाला काचेत ठेवून तिला व्हरांड्यात बसवणं ही आपली जुनी खोड.

पुराव्याला लांब जावं लागलं नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवायचं, गार करायचं, जंतू तपासायचे आणि उणे २० अंशांवर गोठवायचं. “लिटरला भाव काय?” मागून कुणीतरी विचारलंच. “ते आरेचं केंद्र नव्हे!” सभागृह हसलं. पेढीतलं दूध लागतं ते आईचं स्वतःचं येईपर्यंत, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

मग आलं कांगारू पद्धतीचं प्रात्यक्षिक, आणि वेळापत्रक कोलमडलं. कोलंबियात, बोगोटाच्या रुग्णालयात १९७८च्या सुमारास बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली, एवढं सांगून बाईंनी अध्यक्षांचं उपरणं मागून घेतलं. टॉवेलच्या गुंडाळीचं बाळ केलं. अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. दोन्ही स्तनांच्या मधे उभं धरायचं, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वास अडत नाही. पाय बेडकासारखे दुमडलेले. उपरण्याची वरची कड बाळाच्या कानाखाली. गाठ तीनदा सुटली, तीनदा बांधली. वीस मिनिटं गेली, पण कुणी जागचं हललं नाही.

पहिल्या रांगेतले एक डॉक्टर मात्र अस्वस्थ झाले. मग पेट्या भंगारात काढायच्या का? बाईंचा आवाज चढला. श्वासच घेता येत नसेल तर यंत्र हवंच, कोण नाही म्हणतंय? पण दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत ३,२११ बाळांवर अभ्यास झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. वजनं एक किलो ते १,७९९ ग्रॅम. प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता लगेच छातीशी घेतलेल्यांत २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, एरवी १५.७. त्यासाठी आयांच्या खाटाच नवजात कक्षात टाकल्या होत्या.

तेवढ्यात चिठ्ठी आली: दहा मिनिटं. गडचिरोलीच्या वाट्याला त्यातली तीनच आली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायांना घरोघर नवजात बाळ तपासायला शिकवलं; तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताईंच्या आजच्या गृहभेटींचं मूळ तिथलं. खरं तर हाच भाग सविस्तर हवा होता.

प्रश्न एकच घेतला. एका आजींनी विचारलं, दिवसातून किती वेळ बांधायचं? जागतिक आरोग्य संघटना आठ ते चोवीस तास म्हणते. “आणि स्वयंपाक?” आई थकली की बाबांची छातीही चालते, असं बाई म्हणाल्या. अध्यक्ष आभार मानायला उठले होते.