स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि आमच्याकडचं ‘इमान’

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. बोलतोय तसंच ठेवलंय, फार सुधारलेलं नाही.

आजचा विषय आहे स्केल मॉडेल. म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून केलेलं खऱ्या विमानाचं छोटं रूप. मी दिवसभर कोड लिहितो आणि रात्री विमानं जोडतो. नोकरी पुण्यात, गाव सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. आणि आज ज्या दोन विमानांबद्दल सांगणार आहे, त्या दोन्हींचा आमच्या भागाशी थेट संबंध आहे. कसा, ते येईलच पुढे.

आधी साइज समजून घेऊ. मी १:७२ या स्केलमध्ये काम करतो. खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलवर एक सेंटिमीटर. स्पिटफायर मार्क वनच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर. मॉडेलवर तो साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास येतो. तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे ना, साधारण तेवढाच. एवढ्याशा जागेत कॉकपिट, चाकं, आठ मशीनगनची तोंडं, सगळं बसवायचं असतं.

किटमध्ये भाग एका प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटलेले येतात. तिला स्प्रू म्हणतात. भाग हाताने मोडून काढायचे नाहीत, निपरने कापायचे आणि उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासायचा. सुरुवात नेहमी कॉकपिटपासून, कारण विमानाचे दोन अर्धे एकदा बंद झाले की आत ब्रश जात नाही. मॉडेलचा सिमेंट हा फेविकॉलसारखा नसतो. तो प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. मग जोडावर पुट्टी, पुन्हा घासणं, मग प्रायमर. प्रायमर मारला की जोडाची प्रत्येक रेघ दिसते. एकदम कंपाइलरसारखं काम करतो तो, काहीही लपू देत नाही.

रंग एअरब्रशने. आमच्याकडचा एप्रिल-मे म्हणजे अ‍ॅक्रिलिक रंगाचा शत्रू. नोझलच्या टोकावरच रंग सुकतो आणि विमानावर पावडर बसते. म्हणून गावी असताना मी पहाटे रंगवतो, रंगात दोन थेंब रिटार्डर टाकतो. पहाटे हवा थंड, धूळ कमी आणि लाईट असण्याची शक्यताही जरा जास्त!

इथपर्यंतचं सगळं यूट्यूबवर मिळेल. माझ्या मते या छंदाचा खरा गाभा पुढे आहे. मॉडेल करणाऱ्याला एक तारीख निवडावी लागते. नुसतं ‘स्पिटफायर’ असं काही नसतं. कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठल्या महिन्यातलं? गिटच्या भाषेत सांगायचं तर, कुठला कमिट?

उदाहरण देतो. सप्टेंबर १९४० मधलं ब्रिटिश स्पिटफायर वरून गडद हिरवं आणि मातकट तपकिरी असतं, खालून फिकट हिरवट, ज्याला ‘स्काय’ म्हणतात. शेपटीजवळ त्याच स्काय रंगाचा पट्टा अनेक मॉडेल्सवर दिसतो. पण तो पट्टा मारायचा आदेश आला नोव्हेंबर १९४० च्या शेवटी. म्हणजे तुमचं मॉडेल सप्टेंबरचं असेल तर पट्टा नाही. आणि मार्क वन उलटं करून बघा. उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर, डाव्याखाली छोटा ऑइल कूलर. दोन्ही सारखे दिसले तर ते विमान नंतरच्या मार्कचं.

मी निवडलेलं विमान आहे आरएएफच्या १५२ नंबर स्क्वाड्रनचं, सप्टेंबर १९४०. कोड अक्षरं ‘यूएम’. तळ वॉर्मवेल, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात. पोर्टलँडच्या नौदल तळावर येणाऱ्या जर्मन विमानांना अडवणं हे त्यांचं काम. आणि या स्क्वाड्रनचं पूर्ण नाव माहितीये? १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन.

हो, आपलंच हैदराबाद. निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिलेल्या देणगीमुळे हे नाव मिळालं. स्क्वाड्रनच्या बिल्ल्यावर निजामाची दस्तार आहे, म्हणजे डोक्यावरची पगडी. ब्रीदवाक्य ‘फेथफुल अ‍ॅलाय’, फारसीत यार-ए-वफादार, म्हणजे इमानी दोस्त. हा निजामाचाच किताब. पहिल्या महायुद्धातही त्यांच्या पैशातून ११० नंबरच्या स्क्वाड्रनला डीएच-९ए विमानं मिळाली होती आणि त्या विमानांवर निजामाने दिल्याचं रंगवलेलं असायचं. त्यातलं एक विमान आजही लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे.

१९४० मध्ये ब्रिटनने देणगीदारांसाठी एका स्पिटफायरची किंमत ठेवली होती ५ हजार पौंड. एवढे द्या, विमानावर तुमचं नाव. आता विचार करा, हैदराबाद संस्थानात तेव्हा मराठी जिल्हे पाच. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. आमच्या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नावच उस्मान अलींवरून पडलं. निजाम जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जायचा. ती श्रीमंती काही आकाशातून पडली नव्हती. तिच्यामागे जमिनीचा महसूल होता, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी जहागिरीचं उत्पन्न होतं. शेवटी ज्वारी पिकवणाऱ्या माणसाचा घाम होता. कुठला रुपया कुठल्या रिव्हेटमध्ये गेला हे कुणी सांगू शकणार नाही. पण ‘यूएम’ ही अक्षरं विमानावर बसवताना मला हे विमान परकं वाटत नाही, एवढं नक्की.

आणि ते विमान लढत होतं हिटलरच्या विरुद्ध. त्यामुळे सरळ राग धरावा तर तोही धरता येत नाही.

आता दुसरं विमान. आठ वर्षं पुढे चला, महिना तोच. सप्टेंबर १९४८.

तेव्हाच्या रॉयल इंडियन एअर फोर्सचं हॉकर टेम्पेस्ट मार्क टू. नाकात १८ सिलिंडरचं ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन, पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा. स्पिटफायरपेक्षा अंगाने मोठं. १:७२ मध्ये पंख सव्वासतरा सेंटिमीटरच्या थोडे पुढेच जातात. शेजारी ठेवलं की स्पिटफायर तालमीतला पोरगा आणि हे वस्ताद वाटतं.

इथेही तारीख महत्त्वाची. युद्धकाळात पूर्वेकडच्या आघाडीवर विमानांच्या गोल चिन्हातला लाल रंग काढून टाकला होता, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून. स्वातंत्र्यानंतर पांढऱ्यावर निळं अशोकचक्र आलं. तिरंगी गोल आला तो १९५० मध्ये. म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या टेम्पेस्टवर तिरंगी डिकल लावलं तर ते चूक. अशोकचक्रच हवं.

डिकल लावायचं तंत्र सांगून टाकतो. आधी विमानावर ग्लॉस वार्निशचा थर. डिकल कोमट पाण्यात बुडवून बाहेर ठेवा, अर्ध्या-एक मिनिटाने कागदावरून सरकू लागतं. जागेवर बसवा, ओल्या ब्रशने खालची हवा काढा. खडबडीत मॅट रंगावर थेट लावलं तर खाली हवेचे बारीक बुडबुडे राहतात आणि डिकल चंदेरी दिसतं. सगळं वाळल्यावर शेवटी मॅट वार्निश.

तर, १३ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालं. हेच ते ऑपरेशन पोलो, आपण ज्याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणतो. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला. मग जळकोट, उमरगा. सैन्याने उमरग्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पुढे राजेश्वरकडे जायचं होतं. वाटेत दबा धरून बसलेली ठाणी हवाई टेहळणीत दिसली होती. ती मोडायला टेम्पेस्ट बोलावली गेली. ज्या निजामाच्या नावाचं फायटर स्क्वाड्रन इंग्लंडच्या आकाशात लढलं, त्याच्या स्वतःच्या आकाशात त्या दिवशी अडवायला एकही फायटर नव्हतं. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

लोहारा तालुका होण्याआधी आमचं गाव उमरगा तालुक्यातच होतं. माझे आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. ते विमान म्हणत नाहीत, ‘इमान’ म्हणतात. “इमानं आली तवा आम्ही कडब्याच्या गंजीत शिरलो,” एवढीच त्यांची आठवण. फोटो नाही, कागद नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरचं जुनं घर गेलं आणि आमच्या घरात त्याआधीची म्हणावी अशी वस्तू राहिली नाही. माझा जन्म पुनर्वसनानंतरचा. बहुतेक म्हणूनच मला जुन्या गोष्टी हाताने करून बघाव्याशा वाटत असतील.

टेम्पेस्ट तयार झालं तेव्हा आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. कॉकपिटच्या काचेला डोळा लावून विचारलं, “ह्यात मान्सं किती बसायची?”

“एकच, आजोबा.”

“एकच?” बराच वेळ गप्प बसले. “आमाला वाटायचं, भरून आलेत.”

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही. त्या सप्टेंबरच्या आधी रझाकारांनी गावोगाव जे केलं ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय. नंतर जे झालं ते कमी बोललं जातं. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मुसलमानांच्या हत्या आणि लुटालुटीची नोंद केली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हे कुठल्याच मॉडेलवर दिसत नाही. डिकलच्या शीटवर त्यासाठी चिन्ह नसतं. मॉडेल स्वच्छ असतं, तारीख तशी नसते.

म्हणून माझ्याकडे ही दोन्ही विमानं एकाच पाटीवर आहेत. खाली फक्त लिहिलंय, ‘सप्टेंबर १९४०’ आणि ‘सप्टेंबर १९४८’. बघणारा विचारतो, यांचा काय संबंध? मग बोलणं सुरू होतं.

सुरुवात करायची असेल तर १:७२ चं साधं किट घ्या. निपर, पॉलिश पेपर, सिमेंट, दोन ब्रश, चार रंग. एअरब्रश नंतर घेता येईल. पण बॉक्स उघडायच्या आधी एक तारीख ठरवा, आणि त्या दिवशी आपल्या गावात काय चाललं होतं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. किट कधीही मिळेल. ती माणसं कायमची नसतात.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे विमानाला काय म्हणतात ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!