संसारातला योग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासदाने प्रकृतीविषयी चार शब्द बोलावेत, असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी काही विदुषी नव्हे, तेव्हा मोठमोठ्या ग्रंथांच्या वाटेला जाणार नाही. स्वयंपाकघरात, मोरीत आणि माजघरात जेवढा योग शिरू शकतो तेवढ्यापुरतेच बोलते.

योगाचे नाव काढले की आपल्यांतल्या निम्म्याजणी हसून म्हणतात, "अहो, पहाटेपासून रात्रीची भांडी पालथी घालीपर्यंत आमची ऊठबस चालूच असते. आणखी योग तो कसला?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण आपण जरा आपल्या कामांकडे पाहू या. केर काढताना आपण पुढे वाकतो, धुणे धुताना पुढे वाकतो. पोळ्या लाटताना, भाजी चिरताना, मुलांचा अभ्यास घेताना मान पुढेच. हल्ली त्यात हातातल्या मोबाईलची भर पडली आहे. म्हणजे दिवसभर शरीर एकाच बाजूला वळते आणि उलट बाजूला वळण्याची वेळ येतच नाही. शिवाय भरलेली बादली किंवा गव्हाचा डबा उचलताना आपण श्वास कोंडून धरतो. कष्ट भरपूर होतात, पण त्याने शरीराला व्यायाम मिळतोच असे नाही. रात्री कंबर धरते ती याच कारणाने.

कोणी म्हणेल, योग हा संन्याशांचा आणि पुरुषांचा विषय. तसे समजण्याचे कारण नाही. आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी काही मंडळींनी योग गुहेतून काढून घरात आणला. श्रीयोगेंद्रांनी 1918 साली मुंबईजवळ वर्सोव्याला योगाची संस्था काढली, तीच पुढे सांताक्रूझला नांदली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी 1934 साली खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रे लावून तपासले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. बायकांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह असे. आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या गीताताई यांनी पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचे वय अशा प्रत्येक अवस्थेत बाईने काय करावे आणि काय टाळावे याचा बारकाईने विचार केला. 21 जून हा दिवस 2015 पासून जगभर योगदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी घेतलेली सतरंजी 22 जूनला पलंगाखाली जाते, ही गोष्ट वेगळी!

आता योगातली खरी पहिली पायरी कोणती? आपल्याला वाटते, आसन. पण पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत, त्यांत आसनाचा क्रमांक तिसरा. त्याआधी यम आणि नियम आहेत, आणि यमांमध्ये सर्वांत पहिली आहे अहिंसा. आपण म्हणू, आम्ही मुंगीलासुद्धा दुखवीत नाही. खरे आहे. पण भगिनींनो, ज्या देहाच्या जोरावर आपले सारे घर चालते त्या देहाशी आपण कसे वागतो? सगळ्यांची पाने झाल्यावर उरलेसुरले खायचे. आदल्या दिवशीचा भात टाकवत नाही म्हणून आपल्याच पानात घ्यायचा. प्रवासात गैरसोय नको म्हणून पाणीच प्यायचे नाही, आणि लघवीला तासन् तास थोपवून धरायचे. दुखले तर "सणवार आटोपू देत, मग बघू" म्हणायचे. ही हिंसा नव्हे तर काय?

हे मी उगीच बोलत नाही. 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा 54 होते. म्हणजे या सभागृहात बसलेल्या दर दोघींपैकी एकीची ही कथा असू शकते.

आमच्या आळीतल्या एका बाईंचीच गोष्ट सांगते. त्यांनी सांगण्याची परवानगी दिली आहे. वय अवघे चाळीस. जिना चढताना धाप लागे, तेव्हा पिशवी ठेवून मधल्या पायरीवर बसत. कोणी विचारले तर "वय झालं आता" म्हणत. भाऊबिजेला आलेल्या भावाने ते पाहिले आणि बळेच दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन बाराच्या वर हवे, ते निघाले सात. पाळीत दोन वर्षांपासून फार अंगावर जात होते, आणि त्यांनी ते घरात कोणाला सांगितलेच नव्हते. उपचार झाले, औषधे झाली, आज त्या आपल्या फुगडीच्या संघात आहेत. पण आणखी वर्षभर त्या तशाच पायरीवर बसत राहिल्या असत्या तर?

म्हणून मी स्पष्ट सांगते, कोणत्याही आसनाने रक्त भरत नाही. त्याला अन्न लागते, आणि गरज पडली तर औषध लागते. हिरवी पालेभाजी, कडधान्ये, नाचणी, अळीव, तीळ हे आपल्या घरातलेच पदार्थ. भाजी लोखंडी कढईत करावी, वर लिंबू पिळावे, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये. त्याने लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. तासाभराने घ्यावा. आणि पहिल्या पंगतीला नाही तरी, घरच्यांबरोबर एकदा तरी गरम जेवावे.

अहिंसेच्या मागोमाग दुसरा यम येतो तो सत्य. "कशी आहेस?" असे विचारले की "बरी आहे" म्हणायची आपल्याला सवय. कंबर दुखत असेल तर दुखते म्हणावे. नियमांत संतोष सांगितला आहे, आणि लहानपणापासून आपल्याला तो शिकवलाही जातो. पण संतोष निराळा आणि मुकाट्याने सोसणे निराळे. आहे त्या संसारात समाधान मानावे, हा संतोष. दुखणे लपवावे, हा संतोष नव्हे. आपण सांगितलेच नाही तर घरच्यांना कळणार कसे?

आता रोजच्या आचरणाच्या गोष्टी सांगते. ओट्याशी फार वेळ उभे राहायचे असेल तर एक पाय बुटक्या पाटावर ठेवावा आणि थोड्या वेळाने पाय बदलावा. कमरेवरचा ताण कमी होतो. जड वस्तू कमरेतून वाकून उचलू नये. गुडघे दुमडावे, वस्तू अंगाजवळ घ्यावी आणि उचलताना श्वास सोडावा. दुपारची कामे उरकली की पंधरा मिनिटे सतरंजीवर द्यावी. ताडासनात अंग वर ताणावे. हातागुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वरखाली करावी. पालथे पडून हळूच भुजंगासन करावे, म्हणजे दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला उलट बाक मिळतो. शेवटी पाच मिनिटे शवासन. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी खुर्चीचा आणि उशांचा आधार घ्यावा. अय्यंगारांच्या पद्धतीत तर खुर्ची, पट्टा, लोड यांची मदत मुद्दाम घेतात. त्यात कमीपणा नाही.

श्वासासाठी तर वेगळा वेळही लागत नाही. दूध तापत असताना, कुकरची शिट्टी व्हायची असताना आपण उगाच तळमळत उभ्या असतो. त्या वेळी खांदे सैल सोडावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. दहा वेळा केले तरी रागाचा पारा खाली येतो. मुलाला धपाटा घालण्यापूर्वी करून पाहा!

मनाचेही तसेच आहे. पूर्वी बायका तांदूळ निवडायला बसत, तेव्हा नजर आणि मन दोन्ही सुपात असे. नाहीतर खडा दाताखाली यायचा. आज आपण एका हाताने पोळी भाजतो, दुसऱ्या हाताने मोबाईल बघतो आणि कानाने मालिका ऐकतो. पोळी करपते, निरोप अर्धवट वाचला जातो आणि मालिकाही नीट कळत नाही. इंद्रियांना आवरून घेण्याला योगात प्रत्याहार म्हणतात. आपल्यापुरता त्याचा अर्थ इतकाच की, जेवताना जेवावे. घास चावावा, त्याची चव घ्यावी. निदान रात्रीच्या जेवणाला तरी घरातले सगळे मोबाईल एका टोपलीत पडू देत, आणि त्यात आपला पहिला असू दे.

एक सावधगिरीची सूचना. मोबाईलवर पाहून शीर्षासन किंवा जोरजोरात कपालभाती करायला जाऊ नका. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना आणि जाणत्या शिक्षिकेला विचारूनच पुढे जावे. पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होत जातात, तेव्हा जोर लावून पुढे वाकण्याची आसने टाळावी. चालू असलेले औषध आपल्या मनाने बंद करू नये. शेजारणीचे डोके गुडघ्याला लागते म्हणून आपलेही लागले पाहिजे असे नाही. तिथेही अहिंसाच आठवावी.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी हे सभागृह मोकळे असते; त्या वेळी अर्धा तास आपण सतरंज्या घेऊन जमू या. घरी एकटीने नेम टिकत नाही, चौघी असल्या की टिकतो. दुसरी सूचना अशी की, यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी प्रत्येकीची रक्ततपासणी करावी. डबे घरोघर पुष्कळ झाले आहेत. आपले हिमोग्लोबिन किती, हे मात्र आपल्यांतल्या फार थोड्याजणींना माहीत असेल.

या दोन्ही सूचनांचा कार्यकारिणीने विचार करावा अशी विनंती करते.