गडावरून सपाटीवर : ख्रिस्ती धर्म आणि आजचे जीवन



वसंत व्याख्यानमालेत धर्मावर बोलावयाचे म्हणजे गीतेवर, ज्ञानेश्वरीवर किंवा फार तर उपनिषदांवर बोलावयाचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. चालकांनी तो मोडून ख्रिस्ती धर्माचा विषय मला दिला. हा विषय रोमपासून किंवा लंडनपासून सुरू करण्याची पद्धत आहे. मला तितके लांब जाण्याचे कारण दिसत नाही. आपला द्रोणागिरीचा डोंगर पुरेसा आहे.

या गडावर पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आहेत. गडावर चर्च बांधणाऱ्यांचा हेतू उघड होता. खाली खाडी, समोर मुंबईचे बंदर, आणि तोफांच्या शेजारी देवाचे घर! सत्ता आणि श्रद्धा यांची ती एकत्र वसाहत होती. पुढे पोर्तुगीजांची सत्ता गेली, मराठ्यांची आली, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने करंजाचे बेट इंग्रजांकडे राहिले. या घालमेलीत तोफा गेल्या, आणि तोफांच्या आधाराने उभे असलेले ते चर्चही ओस पडले. यात नवल काही नाही. जे देऊळ किल्लेदाराच्या भरवशावर उभे असते, त्याचे आयुष्य किल्लेदाराइतकेच असावयाचे.

पण याच किनाऱ्याच्या उत्तरेला, वसईला, निराळी गोष्ट घडली. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज निघून गेले, परंतु तेथले ख्रिस्ती शेतकरी कोठे जाणार? ते आपल्या केळीच्या बागांत, आपल्या सामवेदी आणि वाडवळी बोलींत, आपल्या श्रद्धेसह राहिले. त्यांचा धर्म मातीत उतरला होता, म्हणून तो टिकला. मातीत उतरणे याचा अर्थ मी भाषेत उतरणे असाच करतो.

ही गोष्ट काही थोड्या मिशनऱ्यांना फार आधी उमगली होती. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. तो 1579 साली गोव्यास आला आणि 1616 साली त्याने ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेही ओवीत! येशूची कथा सांगावयाची तर ती ज्ञानोबांच्या वळणाने सांगितली पाहिजे, हे त्या परक्या माणसाला कळले. आणि त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा टाकून द्यावी असा हुकूम काढला. एकाच शतकात, एकाच धर्माच्या नावाने, या दोन गोष्टी झाल्या. चर्चचा इतिहास वाचताना मी नेहमी या दोघांना शेजारी शेजारी ठेवतो.

इंग्रजी अमदानीत मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. 1842 साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, मिरजेस वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले. हे सर्वश्रुत आहे. त्याविषयी आपण कृतज्ञ असावे, आणि त्यामागे धर्मांतराचा हेतू होता हेही लपवू नये. माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रसंग 1917 सालचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातले ब्राह्मण. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी घरदार दुरावले. लक्ष्मीबाईंनी ती कहाणी ‘स्मृतिचित्रां’त सांगितली आहे. इतके सोसून मिळवलेल्या मिशनची नोकरी या माणसाने अखेर सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. पगारी धर्मसेवा आणि परकी रीत यांतून ख्रिस्ताला सोडवून त्यांना त्याला मराठी करावयाचे होते. दोनच वर्षांनी ते गेले. दरबार फार दिवस चालला नाही. तरी पण तो प्रश्न त्यांनी विचारून ठेवला.

त्याचे उत्तर खुद्द रोमने अर्धशतकाने दिले म्हणावयाचे. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्याची वाट मोकळी केली. वसईच्या वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. एकदा भाषा आली की तिच्यामागून शेजाऱ्याचे सुखदुःखही येते, ते थोपवता येत नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन आणि विहिरींचे पाणी बिल्डरांच्या घशात जाऊ लागले, तेव्हा ‘हरित वसई’च्या चळवळीत पुढे उभे राहिले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हा पाद्री विहिरीच्या पाण्यासाठी भांडला, आणि त्याच्या बरोबरीने हिंदू शेतकरीही भांडले. 2020 साली धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेव्हा ‘धर्मगुरू कसा काय?’ म्हणून काहींनी हरकत घेतली. ज्या भाषेने तुकाराम वाढवला तिला हरकत घेण्याइतके कोते मन का असावे, हे मला कळत नाही. 2024 साली ते गेले.

आता तुमच्या दारात येतो. द्रोणागिरीच्या पायथ्याशी सिडकोचे नवे नगर वसते आहे. जमिनीचे काय झाले ते तुम्हांला मी सांगावयाचे कारण नाही. जानेवारी 1984 मध्ये पाच माणसे याच जमिनीपायी गोळीबारात गेली, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. आता इमारती उभ्या राहत आहेत, त्यांत चारी दिशांची माणसे येत आहेत. त्यांत केरळी, तमिळी, गोवेकर ख्रिस्ती कुटुंबेही असतील. ती आपापल्या भाषेत प्रार्थना करणार, हे स्वाभाविक आहे आणि त्यांचा हक्कही आहे. शाळा आता सरकार चालवते, दवाखाना कोणीही काढतो. त्यामुळे चर्चची जुनी कामे पुष्कळशी सुटली आहेत. मग उरले काय? मला वाटते, उरला तो शेजार. रविवारी प्रार्थना करून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला ज्याची शेती गेली त्या आगरी म्हाताऱ्याचे नाव ठाऊक आहे काय, आणि त्या म्हाताऱ्याला त्या कुटुंबाचे? देवळांना आणि मशिदींनाही मी हाच प्रश्न विचारीन. पण आजचा विषय चर्चचा आहे, म्हणून आज तो चर्चला विचारला.